चाचांची नळी, चाचींचा भूकंप

दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. ज्या घरातलं एकही माणूस कधी ‘बोटीवर’ गेलं नाही, असं घर मोहल्ल्यात आणि भंडारवाड्यात शोधून सापडायचं नाही. माझे वडीलही बोटीवर होते, इंजीन खात्यात तेलवाले. ते गेले तेव्हा मी शाळेत शिकवत होते, घरात लहान मुलं होती, आणि त्यांना विचारायचं राहिलं ते राहिलंच. निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयासाठी म्हाताऱ्या खलाशांच्या आठवणी उतरवून घ्यायचं मी मनावर घेतलं, त्यामागं हे कारण आहे. ते आधीच सांगून टाकते.

एकूण आठ जणांशी बोलले. त्यातलं एकच प्रकरण इथं सविस्तर लिहिते आहे, कारण त्यात सर्वांत जास्त चुका माझ्या झाल्या आणि सर्वांत जास्त हाती लागलं तेही त्यातच. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, मीही चाचाच म्हणते. नावं मुद्दाम गाळली आहेत. चाचा आणि चाची दोघांनाही हे वाचून दाखवलं आणि दोघांनीही ‘छापा’ म्हटलं. चाचा मोहल्ल्याच्या कोकणी बोलीत बोलतात. मी ते आपल्या रोजच्या मराठीत आणलं आहे. बोटीवरचे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

पारावरच्या गोष्टी

मी बोलायला गेले तेव्हा चाचांना चौऱ्याऐंशीवं लागलं होतं. १९५७ साली डेक खात्यात खलाशी म्हणून चढले, पुढं सुकाणी झाले, शेवटची आठ वर्षं सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होते आणि १९९१ साली कायमचे घरी आले. असरच्या नमाजानंतर जेटीजवळच्या पारावर चार-पाच म्हातारे जमतात. त्यात भंडारवाड्यातले तात्या असतात, चाचांचा चुलतभाऊ असतो. पहिल्या तीन बैठका तिथंच झाल्या.

मी शाळेतल्या सवयीनं प्रश्नांची यादी करून नेली होती. कोणत्या साली कोणतं जहाज, किती देश पाहिले, सर्वांत कठीण प्रसंग कोणता. तीन दिवसांत साडेचार तासांचं ध्वनिमुद्रण झालं. घरी येऊन ऐकलं आणि मन खट्टू झालं. बिस्केच्या उपसागरातलं वादळ, रशियाच्या बंदरात दोरखंडांवर जमलेलं बर्फ, अँटवर्पची दुकानं, गोऱ्या कप्तानानं दिलेली शाबासकी. सगळ्यांच्या गोष्टी एकमेकांसारख्या. कुठं हसायचं, कुठं ‘अल्ला’ म्हणायचं, हे ऐकणाऱ्यांनाही पाठ. नदीतल्या गोट्यासारख्या त्या गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत झाल्या होत्या. बोटाला कुठं काही खुपत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी कोयनेच्या भूकंपाची गोष्ट सांगितली. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आमच्या भागात अजून कुणी विसरलेलं नाही. सह्याद्रीपलीकडं कोयनानगरला चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, आणि घाटाच्या या अंगाला आमच्याकडंही भिंती कोसळल्या. चाचा म्हणाले, ‘मी तेव्हा रजेवर घरी होतो. बोटीवर चारच्या पाळीची सवय, म्हणून जागाच होतो. आधी आवाज आला, मग कौलं खडखडली. आईला खांद्यावर घेतली, पोरांना काखेत मारलं आणि बाहेर. मागं वळून बघतो तर गोठ्याची भिंत खाली.’ पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही लिहून घेतलं. समुद्राची आठवण नव्हे म्हणून समासात बारीक अक्षरांत.

हाबेस, आरिया

चौथ्या दिवशी जेटीच्या दुरुस्तीला क्रेन आली होती. काँक्रीटचा ठोकळा उचलायचा होता. खाली उभा असलेला पोरगा हात वर करून क्रेनवाल्याला ओरडला, ‘हाबेस! हाबेस!’ ठोकळा वर गेला. मग तळवा खाली करून, ‘आरिया... आरिया... बस!’

चाचा बोलता बोलता थांबले. ‘बाई, हा पोरगा उत्तरेकडचा दिसतो. याला आमचे शब्द कुणी शिकवले?’

खरोखरच ते त्यांचे शब्द आहेत. हाबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे सोड, खाली घे. आरिया हा पोर्तुगीज खलाशांकडून आलेला. जहाजावर कोकणी, कच्छी, गोवेकर, सिल्हेटी, पंजाबी असे सगळे एकत्र राबायचे. त्यांच्या तोंडी शेकडो वर्षांत जी एक कामाची बोली तयार झाली तिच्यातले हे शब्द. आज मुंबईच्या कारखान्यांत क्रेनखाली उभ्या राहणाऱ्या कामगाराला ते कुठून आले याची कल्पनाही नसते.

त्या एका हाकेनं चाचा खुलले. मी यादी पिशवीत टाकली. जहाजाचं पुढचं टोक आगील, मागचं पिछील. उजवी बाजू जमना, डावी ती डावा. माल भरायचा तो फाळका. दोऱ्या, रंग, पुल्या ज्याच्या ताब्यात तो कसाब, स्वयंपाकी तो भंडारी, झाडलोट करणारा टोपास. सारंगाच्या हाताखाली टंडेल. इथं तात्यांनी मध्येच तोंड घातलं, ‘आमच्या मचव्यावर तांडेल म्हणजे मालक! तुमच्यात तो दुसरा?’ आणि त्यावर अर्धा तास वाद रंगला. मला तो सगळ्या वादळांपेक्षा मोलाचा वाटतो.

मग कामाचं आलं. हातोडीनं गंज सोलायचा, रेडलेडचा हात द्यायचा, वर रंग. जहाजाच्या एका टोकापासून सोलत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा गंज चढलेला. सोड्याच्या पाण्यानं भिंती पुसायच्या, त्याला सूजी मारणं म्हणायचं; हिवाळ्यात त्यानं बोटांना भेगा पडायच्या. बंदरात जहाज आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस लागून राहायचं, कारण गोण्या, पेट्या, गासड्या सगळं सुट्टं उतरायचं. ‘आता न्हावाशेवाला माझा नातू जातो तर त्याचं जहाज सकाळी लागतं, रात्री सुटतं. त्याला बंदर दिसतच नाही,’ चाचा म्हणाले. कंटेनरनं खलाशाचा किनारा हिरावून घेतला, हे मी पुष्कळ वाचलं होतं. चाचांनी ते नातवाच्या सुकलेल्या तोंडावरून ओळखलं होतं.

सुकाण्याचं काम सांगताना ते उठून उभेच राहिले. दोन्ही हात चाकावर धरल्यासारखे. समोर होकायंत्र, शेजारी मालम साहेब, म्हणजे पाळीवरचा अधिकारी. साहेबानं हुकूम दिला की तो तसाच मोठ्यानं परत म्हणायचा, मग चाक फिरवायचं, मग झालं म्हणून पुन्हा सांगायचं. दोन तास नजर काट्यावर. ‘चांगला सुकाणी कसा ओळखायचा माहितेय, बाई? उजाडल्यावर मागं वळून बघायचं. जहाजामागं पाण्यावर फेसाची रेघ उठते. ती सरळ असेल तर माणूस चांगला.’

त्यांची पाळी वर्षानुवर्षं एकच, चार ते आठ, बड्या मालमबरोबर. पहाटेची चार आणि संध्याकाळची चार.

नळी

खलाशाच्या नोकरीचा सरकारी दाखला म्हणजे त्याची सीडीसी. जुनी माणसं तिला नळी म्हणतात. पूर्वी हे कागद पत्र्याच्या नळीत घालून ठेवायचे, ओलीपासून आणि उंदरांपासून जपायला. पुढं कागदाचं पुस्तक झालं, नळी गेली, नाव राहिलं. प्रत्येक सफरीला एक नोंद: जहाजाचं नाव, कुठं आणि कधी चढला, कुठं आणि कधी उतरला, हुद्दा, आणि शेवटी दोन शिक्के. एक कामाबद्दल, एक वागणुकीबद्दल. दोन्ही ठिकाणी ‘व्हेरी गुड’ असेल तर पुढची नोकरी. शेरा द्यायला साहेबानं नकार दिला तर तेही तिथंच छापलं जायचं, आणि मग मुंबईच्या नाविक रोजगार कार्यालयात त्या माणसाकडं कुणी बघत नसे.

चाचांची नळी चाचींनी ट्रंकेतून काढून दिली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. मी चाचांसमोर पडवीत बसून पान उलटत मोठ्यानं वाचत गेले. ते ऐकत होते आणि प्रत्येक जहाजाच्या नावाला त्यांचा चेहरा बदलत होता. ‘जल’नं सुरू होणारं नाव आलं की सिंदिया कंपनी, ‘विश्व’ आलं की शिपिंग कॉर्पोरेशन. मधली काही वर्षं विलायती कंपन्यांची. यादी घेऊन तीन दिवसांत जे मिळालं नव्हतं ते आता एका तासात येत होतं. सालानं त्यांना काही आठवत नव्हतं. जहाजाच्या नावानं सगळं आठवत होतं: बंकवर शेजारी कोण झोपायचा, भंडारी कसा होता, विंच कुठली बिघडायची.

मग एक पान आलं. विलायती जहाज, मुंबईला चढले १९६७ च्या पावसाळ्यात, मुंबईलाच उतरले १९६८ च्या दिवाळीच्या सुमारास. मी वाचून गेले आणि पुढच्या क्षणी अडखळले. डिसेंबर १९६७.

माझी पहिली चूक अशी की मी ते तोंडावर बोलून बसले. ‘चाचा, म्हणजे भूकंपाला तुम्ही इथं नव्हता.’

‘होतो की. मीच आईला बाहेर काढली.’

‘पण नळीत...’

‘नळीत चूक असेल.’

नळीत चूक नव्हती. मला त्या वेळी ताळा करायची घाई झाली होती, म्हणून मी आणखी विचारलं: या सफरीला सुएझमधून गेलात? ते लगेच म्हणाले, ‘छे, सुएझ बंद. आफ्रिकेला वळसा घालून. डर्बनला तेल घेतलं.’ जून १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो थेट जून १९७५ मध्ये उघडला. तोवर मुंबईहून युरोपला जायचं तर साडेचार हजार सागरी मैलांच्या आसपास जास्तीचा फेरा होता. आणि डर्बन म्हटल्यावर जहाज भारतीय नव्हतं हेही पक्कं झालं, कारण वर्णद्वेषामुळं आपल्या सरकारनं १९४६ पासूनच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडलेला होता. नळी, सुएझ, डर्बन, तिन्ही एकमेकांना धरून होते. धरून नव्हती ती फक्त घरातली गोष्ट.

चाचा गप्प झाले. मग म्हणाले, ‘आज पुरे, बाई.’

स्वयंपाकघर

मी निघाले तेव्हा चाचींनी मागच्या दारी हाक मारली. चहा ठेवला होता. माझा रेकॉर्डर पिशवीत बंद होता, आणि ही माझी दुसरी चूक. त्या तासाभरात चाची जे बोलल्या त्यातलं बरंचसं मला रात्री आठवून लिहावं लागलं.

‘ते नव्हते,’ चाची म्हणाल्या. ‘मी होते. मोठा पाच वर्षांचा, धाकटी अंगावर पिणारी. सासूबाई म्हणाल्या, डोक्यावर ओढणी घेतल्याशिवाय बाहेर पडणार नाही. मी अंधारात ओढणी शोधत होते आणि घर हलत होतं. मग भंडारवाड्यातून तात्यांचे वडील धावत आले. त्यांनी सासूबाईंना उचललं. ते बाहेर आले आणि गोठा पडला. पंधरा दिवस अंगणात झापाखाली झोपलो, थंडीत. धाकटीला खोकला लागला तो उन्हाळ्यापर्यंत.’

मी विचारलं, मग चाचा असं का सांगतात?

‘ते आले तेव्हा वर्ष होत आलं होतं. पण गावात बोलायला दुसरं काही नव्हतंच. सासूबाई रोज सांगायच्या, मी सांगायची, तात्यांचे वडील येऊन सांगायचे. पोरगा सांगायचा. ते ऐकत बसायचे. कधीतरी एकदा ते सांगायला लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी काही बोलले नाही. मग राहिलं.’ चहा गाळता गाळता त्या पुढं म्हणाल्या, ‘तुमच्या कागदात काय लिहायचं ते लिहा. पण चौतीस वर्षं माणूस बाहेर होता. एक रात्र घरी होता म्हणाला तर मला काय कमी झालं?’

त्यांचा हिशेब नळीत नव्हता, मनीऑर्डरींत होता. खलाशी चढताना पगारातला ठराविक भाग घरच्या नावानं लिहून देई. कंपनी तो महिन्याच्या महिन्याला पाठवी. त्याला अलॉटमेंट म्हणत. पोस्टमन आला की अंगठा. चाची ओसरीच्या खांबावर कोळशानं रेघ मारत. कोणती सफर किती रेघांची हे त्यांना अजून सांगता येतं: ‘भूकंपाची चौदा रेघांची. सहावीला पैसे आठ दिवस उशिरा आले तेव्हा मी रडले होते, कारण पैसे थांबले म्हणजे बोटीला काही झालं असं आम्ही समजायचो.’ मी नळीत पाहिलं. महिने मोजले. चौदा.

खलाशांच्या आठवणी गोळा करायच्या म्हणून मी आठ पुरुषांकडं गेले होते. आठही घरांत मागच्या दारी कुणीतरी होतं, किंवा होऊन गेलं होतं. मी एकीलाही विचारलं नव्हतं. माझ्या आईलासुद्धा नाही. ती वडिलांनंतर अकरा वर्षं जगली.

वाकडी रेघ

पाच-सहा दिवस मी गेले नाही. मग चाचांनीच निरोप पाठवला.

‘ते पान पुन्हा वाच,’ म्हणाले. मी वाचलं. जहाजाचं नाव दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते पारावर कधीच सांगितलेलं नव्हतं. चुलतभावालाही ठाऊक नव्हतं.

भूकंपाची बातमी त्यांना दोन महिन्यांनी कळली, परतीच्या फेऱ्यात डर्बनला. पत्रं एजंटाकडं साठायची, जहाज लागलं की गठ्ठा यायचा. चाचींना लिहिता येत नसे. पत्र शाळेच्या मास्तरांनी लिहिलेलं. त्यात चार ओळी: घर हललं, गोठा पडला, सगळे सुखरूप आहेत, काळजी करू नये. ‘तारीख अकरा डिसेंबरची, आणि मी वाचतोय फेब्रुवारीत. त्या दोन महिन्यांत मी हसलो, जेवलो, पत्ते खेळलो.’ त्यांना किनाऱ्यावर उतरून मोकळं फिरावंसं वाटलं, पण तिथं बाकांवरसुद्धा गोऱ्यांसाठी असं लिहिलेलं. गावातले भारतीय दुकानदार प्रेमानं बोलले. एकानं चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. चाचा परत जहाजावर आले आणि सारंगाला म्हणाले, मला घरी जायचंय. सारंग आमच्याच तालुक्यातला. त्यानं पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, करार संपेपर्यंत कुणी घरी जात नाही.

‘दुसऱ्या दिवशी पहाटे माझी पाळी. चाकावर होतो. त्या जहाजाला ऑटोपायलट नव्हता. उजाडलं तसा बडा मालम बाहेर जाऊन मागं बघून आला. मला म्हणाला, सुकाणी, आज काय झालंय तुला? मी मागं बघितलं. रेघ वाकडी. सापासारखी. माझ्या सगळ्या नोकरीत तेवढी एकदाच.’

शिव्या दिल्या का, मी विचारलं. ‘नाही. दुसऱ्याला चाकावर घेतलं आणि मला कॉफी दिली. शेवटी नळीत बघ, शिक्का ‘व्हेरी गुड’चाच आहे.’

तो शिक्का मी पाहिला होता. निळ्या शाईचा, जरा पुसट.

पुस्तिकेत काय गेलं

वाचनालयाच्या मंडळींत यावर दोन मतं पडली. काहींना वाटलं, भूकंपाचा भाग गाळून टाकावा; म्हाताऱ्या माणसाला उघडं पाडण्यात काय हशील? दुसरे म्हणाले, नोंद म्हटली की जे घडलं तेच छापा. मला दोन्ही पटलं नाही. भूकंपात चाचा घरी होते ही आठवण खोटी आहे, पण ती थाप नाही. ऐकून ऐकून आणि तिथं असायला हवं होतं असं वाटून वाटून ती तयार झाली आहे. बोटीवरच्या माणसाच्या आयुष्यात घरातल्या मोठ्या घटनांच्या जागी भोकं पडलेली असतात, आणि त्यातलं एक भोक चाचांनी असं बुजवलं. हे गाळलं तर खलाशाच्या नोकरीत काय गेलं हेच कळत नाही. नुसतं दुरुस्त केलं तरी कळत नाही.

शेवटी तीन भाग छापले. आधी नळीतली नोंद. मग चाचींनी सांगितलेला भूकंप, चाचींच्या नावावर, या वेळी रेकॉर्डर चालू ठेवून पुन्हा घेतलेला. मग चाचांचं डर्बन आणि वाकडी रेघ. पारावरची गोष्टही ठेवली, ‘चाचा अशी सांगत आले आहेत’ एवढ्या एका ओळीसह. तात्यांनी स्वतःहून येऊन आपल्या वडिलांबद्दल चार वाक्यं लिहून दिली. पन्नास-पंचावन्न वर्षं ते पारावर बसून माना डोलावत होते, आणि चाचांच्या आईला कुणी उचललं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता मी कुठल्याही घरी गेले की आधी नळी मागते, जहाजांची नावं वाचते आणि मग विचारते, घरात पैसे कुणाच्या हाती यायचे? बाकीच्या सात घरांपैकी तीन घरांत नळी सापडली नाही. एका घरी ती पुरात गेली, दोन ठिकाणी जुना कागद म्हणून टाकून दिली. आमच्या घरचीही नाही. कुणाच्या घरी असेल तर कृपा करून टाकू नका. वाचनालयात आणून दाखवा, आम्ही पानांचे फोटो काढून लगेच परत देतो.

पुस्तिका द्यायला गेले त्या संध्याकाळी चाचा पडवीत एकटेच होते. त्यांनी आपलं पान उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, ‘भूकंप नेमका किती वाजता झाला होता?’

‘चार वाजून एकवीस मिनिटांनी.’

‘इथल्या वेळेचे.’ ते बोटांवर मोजायला लागले. ‘डिसेंबरात आम्ही विलायतेच्या बाजूला होतो. साडेपाच तास वजा. म्हणजे तिकडं आदल्या रात्रीचे अकरा वाजत आलेले.’

मी काही बोलले नाही.

‘चारच्या पाळीचा माणूस अकराला जागा नसतो, बाई,’ चाचा म्हणाले. ‘मी झोपलो होतो.’